इस्टेट सेलमध्ये (घरातलं जुनं सामान विकतात तिथे) जुनं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, धनुष्य मिळालंय. १९५३ चं आहे का? आणि वापरता येईल का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळची वाईची. गेली १९ वर्षं मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला राहते. धनुर्विद्येचा अनुभव शून्य. लहानपणी आजोबा बांबूच्या कामटीला सुतळी बांधून धनुष्य करून द्यायचे आणि आम्ही खराट्याचे हीर बाण म्हणून घाटावर सोडायचो, तेवढाच.

गेल्या शनिवारी शेजारच्या गावात एका घरी इस्टेट सेल होता. मी खरं तर बिडाचा तवा बघायला गेले होते. तळघरात, शिकारीच्या जाड कोटांच्या शेजारी, दोन खिळ्यांवर एक धनुष्य आडवं ठेवलेलं दिसलं. दोरी एका टोकाला अडकून लोंबत होती. सहज हातात घेतलं आणि मग खाली ठेववेना. मूठ इतकी नेमकी तळहातात बसली की मी तिथेच दोन-तीन मिनिटं नुसती धरून उभी राहिले. घरमालकांची मुलगी वरून खाली आली. म्हणाली, बाबा दर ऑक्टोबरला हे घेऊन उत्तरेला जायचे, शेवटची काही वर्षं खांदा दुखायचा म्हणून ते नुसतं पुसून परत ठेवायचे. ८० डॉलर सांगितले होते, ६० ला दिलं.

आता वर्णन करते, कारण फोटो काही केल्या चढत नाहीत.

मधली मूठ लालसर तपकिरी लाकडाची, एकसंध. दोन्ही पाती चपटी, बाहेरून गडद, आणि टोकाकडे पुढच्या बाजूला वळलेली. बाण जिथे टेकतो तिथे वर लाकूड खोलगट कापलंय आणि त्या बाजूला एक पितळी नाणं बसवलंय, त्यावर अस्वल. नाणं लाकडाच्या इतकं बरोबरीने बसलंय की त्याच्या कडेवरून नख फिरवलं तर कुठेही अडकत नाही. एका पात्यावर 'ग्रिझ' एवढं वाचता येतं, पुढचं पुसट झालंय. बारीक अक्षरात 'ग्लास पॉवर्ड', 'ग्रेलिंग, मिशिगन', एक पेटंट नंबर आणि 'कॅनडा १९५३' असं छापलंय. आणि हाताने लिहिल्यासारखं ५८ इंच, एएमओ, ४५ पौंड. त्याच्याजवळ अजून एक नंबर आहे, तो नीट लागत नाही.

बाण टेकायच्या जागी चामड्याचा तुकडा चिकटवलाय आणि त्यात मधोमध एक चर पडलाय. बोटाने चाचपला तर गुळगुळीत लागतो. किती बाण गेले असतील त्यावरून, कोण जाणे.

माझे प्रश्न:
हे १९५३ चं आहे ना?
हे ओढणं सुरक्षित आहे का? मी ४७ वर्षांची, उंची पाच फूट तीन इंच.
वॉर्निश काही ठिकाणी उडालंय. सँडपेपर आणि पॉलियुरेथेनचा डबा आणून ठेवलाय, या रविवारी घासायला घेणार आहे. काही काळजी घ्यावी का?

---

तात्या_फ्लिंट

कृष्णाकाठ ताई, सगळ्यात आधी तो सँडपेपर दुकानात परत करा. कारण खाली सांगतो, पण रविवारच्या आत हे वाचलं जावं म्हणून पहिल्या ओळीत लिहिलंय.

मी फ्लिंटजवळ राहतो, ३१ वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये (साचे आणि अवजारं बनवतात तिथे) काढली, आता निवृत्त. जुनी धनुष्यं दुरुस्त करणं आणि चालवणं हा गेल्या वीसेक वर्षांचा नाद. तुम्ही केलेलं वर्णन वाचून मला फोटोची गरज वाटली नाही. नखाची गोष्ट लिहिलीत ना, तिनेच निम्मं काम झालं.

हे बेअर कंपनीचं 'ग्रिझली'. १९५३ चं नाही. 'कॅनडा १९५३' हे पेटंटचं वर्ष आहे आणि ते पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून पुढे १९७२ पर्यंतच्या धनुष्यांवर छापत गेले. इथल्या सेलमध्ये दर दुसरं बेअर धनुष्य '१९५३ चं' म्हणून विकायला असतं, विकणाऱ्यालाही खरंच तसं वाटत असतं.

वय सांगतं ते नाणं. १९५९ पासून कंपनीने मुठीत धातूचं नाणं बसवायला सुरुवात केली. पहिली काही वर्षं तांबं आणि पांढरा धातू, मग १९६३ ते १९७० पितळ, १९७१ आणि ७२ ला निकेल-सिल्व्हर म्हणजे पांढुरकं. ही सगळी लाकडाच्या बरोबरीने बसवलेली. १९७३ पासून वर उचललेला प्लास्टिकचा बिल्ला आला, त्याच्या कडेला नख अडकतं. म्हणजे पितळ आणि नख न अडकणं, एवढ्यावरून तुमचं धनुष्य १९६३ ते १९७० मधलं ठरतं.

अजून जवळ जायचं असेल तर तो न लागणारा नंबर वाचा. खोलीत अंधार करा, टॉर्च लाकडाला जवळजवळ चिकटवून आडवी धरा. वरून प्रकाश टाकलात तर अक्षरं सपाट दिसतात, आडव्या प्रकाशात खोदकामाची सावली पडते. टूलरूममध्ये घासलेल्या डायवरचे नंबर आम्ही असेच वाचायचो. १९६५ ते १९६९ या पाच वर्षांत नंबरातला पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा. बाकीच्या वर्षांत नंबरावरून काही कळत नाही.

आता सँडपेपर. तुमच्या धनुष्याची ओळख, म्हणजे ते अर्धं 'ग्रिझ', लांबी, पौंडेज (ओढायला लागणारा जोर, पौंडात), नंबर, ही सगळी वरच्या पातळ थरात आहे. पाच मिनिटं घासलंत की धनुष्य अनाथ झालं. शिवाय पात्याची कड जास्त घासली गेली तर पातं त्या बाजूला मऊ पडतं आणि पिळतं. फडकं ओलं करून घट्ट पिळा, दोन थेंब भांड्यांचा साबण, पुसा, लगेच कोरडं करा, वर फर्निचरचं मेण. बस्स.

सुरक्षिततेचं आज रात्री सविस्तर लिहितो. तोवर दोरी चढवू नका. आणि बिनबाणाचं ओढून सोडू तर अजिबात नका. बाणात जाणारी सगळी ताकद बाण नसेल तर पात्यांत परत जाते. साठ वर्षं टिकलेलं धनुष्य एका फटक्यात फुटताना मी पाहिलंय.

---

माणदेशी_मास्तर

मी सातारा जिल्ह्यात शाळेत क्रीडाशिक्षक आहे. जुन्या अमेरिकन धनुष्यांबद्दल तात्या सांगतीलच, मी फक्त पौंडेजबद्दल बोलतो.

ताई, ४५ पौंडांनी सुरुवात करू नका. आमच्याकडे अदिती स्वामीने २०२३ ला बर्लिनमध्ये १७ व्या वर्षी कंपाउंडचं (टोकांना चाकं असलेल्या आधुनिक धनुष्याचं) जगज्जेतेपद मिळवल्यापासून आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांचं मिळवल्यापासून पालक पोरांना घेऊन थेट मैदानावर येतात. त्याआधी फलटणजवळच्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला तेव्हाही हीच लाट होती. प्रत्येकाला पहिल्या दिवशी मोठं धनुष्य हवं असतं. आम्ही मुलांना आधी बांबूच्या धनुष्यावर उभं राहायला, खांदा खाली ठेवायला शिकवतो. जड धनुष्य ओढताना शरीर खोटं बोलायला शिकतं: खांदा वर जातो, कंबर मागे झुकते, हात हनुवटीपर्यंत येण्याआधीच बोटं सुटतात. ती सवय मोडायला पुढे वर्ष जातं.

प्रौढ बाईमाणसाने २० ते २५ पौंडांवर तीन महिने काढावेत. मग तुमचं ते जुनं धनुष्य हातात घ्या, ते तुमचं ऐकेल.

---

तात्या_फ्लिंट

मास्तरांशी शंभर टक्के सहमत. फक्त एक हिशोब मांडतो, म्हणजे ताईंना आपलं ४५ खरोखर किती ते कळेल.

धनुष्यावर लिहिलेलं पौंडेज २८ इंच ओढीला मोजलेलं असतं. तुम्ही दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत इंचात माप घ्या आणि अडीचने भागा. तुमच्या उंचीला ६४ च्या आसपास येईल, म्हणजे ओढ साडेपंचवीस. २८ पेक्षा अडीच इंच कमी. त्या भागात दर इंचाला दोन-सव्वादोन पौंड धरले तर तुमच्या बोटांवर ३९-४० पौंड येतील. ४५ नव्हे, पण नवशिक्या हाताला हेही खूपच.

आता तपासणी. ही बसून, सावकाश, चहाचा कप बाजूला ठेवून करायची गोष्ट आहे.

पाती आधी डोळ्यांनी बघा. लांबीच्या दिशेने केसासारख्या रेघा असतील तर बहुतेक वेळा त्या वरच्या वॉर्निशच्या असतात, त्या काळच्या धनुष्यांवर सर्रास दिसतात. आडवी रेघ मात्र, पात्याच्या रुंदीला कापत जाणारी, वाईट. ती काचेत, म्हणजे पात्यावरच्या काचतंतूंच्या थरात, असेल तर धनुष्य भिंतीवरच शोभेल. मग कापसाचा बोळा घ्या आणि चारही कडांवरून हळू फिरवा. कुठे तंतू अडकला तर तिथे काच उचलली गेलीय. मग कडेने थर बघा. पातं म्हणजे मधे मॅपलच्या पातळ पट्ट्या आणि दोन्ही अंगांना काचतंतूंचा थर, सगळं डिंकाने एकजीव केलेलं. मुठीजवळ जिथे पाती लाकडातून बाहेर पडतात आणि टोकाच्या वळणावर, या दोन जागी थर सुटतात. काळी बारीक फट दिसली तर तिथे कागदाची कड सरकते का बघा. शेवटी टोकांवरच्या खाचा. जुन्या तुटक्या दोरीने त्या कापल्या गेल्यात का, एक खाच दुसरीपेक्षा खोल आहे का. आणि कुणी स्क्रूसाठी भोकं पाडलीत का तेही बघून घ्या. साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, बसवायला लोक पाडायचे, त्याने धनुष्य मरत नाही पण किंमत उतरते.

हे सगळं पार पडलं तर नवीन दोरी. 'एएमओ ५८ इंच, रिकर्व्ह' असं सांगून मागा; एएमओ म्हणजे धनुष्य बनवणाऱ्यांच्या संघटनेने ठरवलेलं माप. प्रत्यक्षात ती ५५ इंच भरेल, तीन इंच कमीच असते, दुकानदाराने चुकीची दिली असं समजू नका. दोरी डॅक्रॉनची (थोडा ताणणारा पॉलिएस्टर धागा), बी-५० जातीची. हल्लीच्या फास्ट फ्लाइट जातीच्या दोऱ्या ताणत नाहीत, त्यांचा हिसका या जुन्या टोकांना सोसत नाही, टोक चिरत जातं. दुकानातला पोरगा वेगवान म्हणून तीच पुढे करेल. घेऊ नका.

दोरी चढवताना पाय धनुष्यात अडकवून, मांडीवर वाकवून चढवायची पद्धत तुम्ही व्हिडिओत पाहिली असेल. त्यानेच निम्मी जुनी धनुष्यं पिळली गेलीत, कारण एकाच पात्यावर तिरका जोर येतो. स्ट्रिंगर म्हणून नाडी मिळते, दोन्ही टोकांना खोबणी असलेली, १५ डॉलरच्या आतबाहेर. ती पायाखाली धरायची, मूठ वर उचलायची, दोन्ही पाती सारखी वाकतात.

दोरी चढली की धनुष्य टोकाकडून डोळ्यासमोर धरा. दोरी दोन्ही पात्यांच्या मधोमध पडली पाहिजे. मग रात्रभर तसंच ठेवा. सकाळी परत बघा. मग लांब बाह्यांचा शर्ट आणि चष्मा घालून दहा इंच, पंधरा, वीस असं हळूहळू ओढा आणि तितक्याच हळू परत न्या. सोडायचं नाही. कान उघडे ठेवा. टिक असा आवाज आला तर थांबा आणि मला लिहा.

---

सह्याद्रीवारा

तात्यांचा अनुभव मोठा आहे पण मी उलट सल्ला देईन. भिंतीवर लावा. साठ वर्षांचा डिंक, त्यावर भरवसा कशाला? माझ्याकडे टेक्सासमध्ये असंच एक जुनं रिकर्व्ह होतं, दुसऱ्या कंपनीचं. तिसऱ्याच आठवड्यात ओढताना वरच्या पात्याचा थर उघडला आणि तुकडा कपाळाला लागला. तीन टाके. ताईंनी हौस करावी, पण नव्या धनुष्यावर.

---

तात्या_फ्लिंट

सह्याद्रीवारा, कपाळावर निभावलं हे नशीब. एक विचारू? ते धनुष्य उन्हाळ्यात गाडीत राहिलं होतं का?

---

सह्याद्रीवारा

हो. जुलैमध्ये रेंजवरून (सरावाच्या मैदानावरून) येऊन डिकीत तसंच होतं, दोन दिवस. दोरीही चढवलेलीच.

---

तात्या_फ्लिंट

तेच. डिंकाला वयापेक्षा उष्णता मारते. टेक्सासच्या जुलैत बंद डिकीत डिंक मऊ होतो, वर दोरी चढलेली म्हणजे पाती सतत ताणात, थर घसरायला एवढं पुरतं. ताईंचं धनुष्य मिशिगनच्या तळघरात दोन खिळ्यांवर आडवं, दोरी उतरवून, आयुष्यभर. त्या गृहस्थांनी ते बरोबर सांभाळलं. कोपऱ्यात उभं टेकवून ठेवलं असतं तर खालचं पातं पिळलं असतं. तुमची सावधगिरी चुकीची नाही, म्हणूनच चष्मा आणि लांब बाह्या सांगितल्या. पण धड असलेलं धनुष्य भिंतीवर लावणं मला पटत नाही. ते ओढायला केलेलं आहे.

आणि हे कुठून आलं तेही सांगतो, कारण ताई डेट्रॉइटच्या आहेत आणि मी त्याच धंद्यातला. फ्रेड बेअर हा माणूस १९२३ मध्ये पेन्सिल्व्हेनियातून डेट्रॉइटला आला तो पॅकार्ड मोटार कंपनीत पॅटर्नमेकर म्हणून. म्हणजे ओतकामाचे लाकडी साचे करणारा. १९३३ मध्ये, मंदीत, त्याने आणि त्याच्या भागीदाराने स्वतःचं दुकान काढलं ते मोटार कंपन्यांच्या जाहिरातींची सिल्कस्क्रीन छपाई करायला, धनुष्यं एका कोपऱ्यात. पुढे धनुष्यांनी दुकान व्यापलं आणि १९४७ मध्ये कारखाना उत्तरेला ग्रेलिंगला गेला. तिथे १९७८ पर्यंत होता, मग फ्लोरिडात गेन्सव्हिलला हलला. तुमच्या धनुष्यावर 'ग्रेलिंग' आहे म्हणजे ते तुमच्या घरापासून आय-७५ महामार्गाने तीन तासांवर जन्मलं. मुठीवरून अंगठा फिरवून बघा. मला दर वेळी त्यात साचेकाराचा हात जाणवतो: कुठे किती गोलाई द्यायची हे त्याला तळहाताने ठाऊक होतं.

---

कृष्णाकाठ

तात्या, मास्तर, सह्याद्रीवारा, सगळ्यांचे मनापासून आभार. सँडपेपर परत केला.

नंबर वाचला! मुलाला टॉर्च धरायला लावली, दिवे बंद केले. पहिला आकडा आधी १ वाटला. मग तात्यांचं परत वाचलं, की पाचच वर्षं, ६५ ते ६९, म्हणजे १ असूच शकत नाही. टॉर्च दुसऱ्या बाजूने आणली तेव्हा त्या १ ला वर डावीकडे एक छोटी आडवी रेघ उमटली. ७ आहे! मग एक अक्षर आणि चार आकडे. म्हणजे १९६७. माझ्यापेक्षा बरंच मोठं.

कापसाचा बोळा तीन कडांवरून सरळ गेला. चौथ्या कडेवर, खालच्या पात्याच्या टोकापासून चार बोटांवर, एक तंतू अडकला. भिंगातून बघितलं तर काच उचललेली नाही, वॉर्निशचा पापुद्रा उभा आहे असं वाटतं. पण मला खात्री नाही. आडवी रेघ कुठेही नाही. मुठीजवळ फट नाही, कागद सरकत नाही. भोकं नाहीत.

अजून एक. चामड्याचा तो चर पडलेला तुकडा बदलायचा का? मला तो काढवत नाहीये.

---

तात्या_फ्लिंट

१९६७! उत्तम.

तंतूच्या जागी नखाने दाबून सोडा. वॉर्निश असेल तर नुसतं चुरगळेल. काच असेल तर स्प्रिंगसारखी परत उभी राहील. एवढ्यावर समाधान नसेल तर घेऊन या, मी शनिवारी सकाळी गॅरेजमध्येच असतो. पत्ता खाजगी निरोपात पाठवलाय.

चामड्याचं बदलावं लागेल. चर खोल असेल तर बाण दर वेळी वेगळ्या जागी बसेल आणि दोष स्वतःला देत राहाल. पण फेकू नका. हेअर ड्रायर लांबून, मंद हवेवर, फक्त त्या तुकड्याला कोमट लागेल इतका; मग कडेने पातळ पट्टीने उचला. पाकिटात घालून वर तारीख लिहून ठेवा. माझ्याकडे अशी अकरा पाकिटं आहेत.

बाण घ्यायची घाई नको. आधी मास्तरांचे तीन महिने. नंतर या धनुष्याला पिसांचेच बाण लागतील, पिसांऐवजी प्लास्टिकच्या पट्ट्या लावलेले नाहीत. हे बाण थेट लाकडी कडेवरून जातात, पीस दबतं आणि निघून जातं, प्लास्टिक आपटून बाण उडवतं. आणि बाण हलका नको. धनुष्याच्या दर पौंडाला दहा ग्रेन, म्हणजे तुमच्या ४० ला ४०० ग्रेन, सुमारे २६ ग्रॅम. हलक्या बाणात ताकद पुरती जात नाही, उरलेली पाती खातात.

---

माणदेशी_मास्तर

ताई, त्या तीन महिन्यांत रोज आरशासमोर बिनधनुष्याचा सराव करा. सायकलच्या ट्यूबची पट्टी ओढा. कोपर कुठे आहे ते बघा, हात कुठे आहे ते नव्हे. हाताकडे बघितलं की हातच काम करतो. पाठीने ओढायला शिकायचंय.

---

कृष्णाकाठ

चार महिन्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

तंतू वॉर्निशचाच निघाला. तात्यांकडे जाऊन आले. त्यांनी धनुष्य हातात घेतलं आणि माझ्यासारखेच काही न बोलता उभे राहिले, मग काकूंनी पोहे दिले तेव्हा कुठे तपासणी सुरू झाली. खालचं पातं अगदी किंचित पिळलेलं होतं, दोरी मधल्या रेषेपासून एका सुतळीच्या जाडीइतकी बाजूला पडत होती. तात्यांनी ते पातं दोन तळहातांत धरून, कोमट पाण्याच्या फडक्याने शेकून, उलट्या दिशेला हलकेच धरून ठेवलं, गार होईपर्यंत. तीनदा. तिसऱ्या वेळी दोरी मधोमध आली.

मास्तरांचा शब्द पाळला. रेंजवर भाड्याने २५ पौंडांचं लाकडी धनुष्य मिळालं, तेरा आठवडे त्यावर. पहिल्या महिन्यात खांदा वरच जायचा. सायकलच्या ट्यूबनेच तो खाली आला. एका दिवशी पाठीत, खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधे, काहीतरी एकत्र येतंय असं जाणवलं आणि बाण सुटला तो मला न विचारता सुटला. तेव्हा कळलं मास्तर कशाबद्दल बोलत होते.

काल ग्रिझली बाहेर काढलं. स्ट्रिंगरने दोरी चढवली, मूठ ते दोरी अंतर मोजलं, आठ इंच. दहा यार्डांवरून बारा बाण, जास्त नाही. पहिला बाण सोडला आणि मी थांबलेच. २५ पौंडांचं धनुष्य सुटताना हातात झणझण राहते. याच्यात काही राहिलं नाही. नुसता एक खोल ठप्प असा आवाज, घाटावर ओली चादर आपटल्यासारखा, आणि बाण समोर लागलेला. ओढताना शेवटच्या इंचात ते जड होत नाही, उलट हनुवटीजवळ आल्यावर थोडी वाट बघतं. बारापैकी सात ताटाएवढ्या जागेत. तीन खाली. दोन गवतात, सापडले. बारा झाल्यावर बोटं थरथरायला लागली म्हणून दोरी उतरवली.

घरमालकांच्या मुलीला फोन केला. म्हटलं, वर्ष सापडलं, १९६७ आहे. ती म्हणाली, बाबा तेव्हा २४ वर्षांचे, नुकतेच कारखान्यात लागलेले. मग बराच वेळ बाबांच्या उत्तरेच्या खोपटाबद्दल बोलली. चामड्याचा तुकडा हवाय का विचारलं. हो म्हणाली, तर पाकीट परवा टपालात टाकलं.

तात्या, आता एक मागणं. दोन बाणांची पिसं गवतात ओली होऊन निघाली. दुकानात चिकटवून देतात, पण मला स्वतः शिकायचंय. पिसं चिकटवायचा जिग तुमच्याकडे दोन दिसले होते. एक उसना मिळेल का?

---

तात्या_फ्लिंट

शनिवारी सकाळी या. जिग नेऊ नका, इथेच बसून बारा बाण करू. टर्कीची पिसं माझ्याकडे पोतंभर आहेत. दोरा आणि डिंकही आहे. ग्रिझली घेऊन या, आणि ऊन असेल तर गाडीत ठेवू नका, हातात धरूनच आत या.